मनोऱ्यावरची बाई : पुस्तकात आणि पडद्यावर

रहस्यकथेला काळवेळ नसतो, असं आपण धरून चालतो. खून, संशय, उलगडा. मग गाव कोणतं का असेना! पण पिएर बोआलो आणि तोमा नार्सजाक या फ्रेंच जोडीची १९५४ सालची एक कादंबरी पाहा. तिचं नाव मराठीत सांगायचं तर ‘मृतांमधून’. १९५६ साली तिचं इंग्रजी भाषांतर निघालं, आणि १९५८ साली आल्फ्रेड हिचकॉकने तिच्यावरून ‘व्हर्टिगो’ हा चित्रपट काढला.

सांगाडा दोन्हीकडे एकच. उंचीला भिणारा, पोलिसातली नोकरी सोडलेला एक गृहस्थ. जुना मित्र त्याला सांगतो, माझ्या बायकोला एका मेलेल्या पूर्वज बाईनं झपाटलंय, जरा लक्ष ठेव. लक्ष ठेवता ठेवता हा तिच्या प्रेमात पडतो. एके दिवशी ती मनोरा चढते. याला घेरी येते, पाय जिन्यावरच अडतात, आणि वरून देह कोसळतो. पुढे तिच्याचसारखी दुसरी बाई याला भेटते.

कादंबरीत हे घडतं १९४० च्या वसंतात, पॅरिसला. जर्मन फौजा यायच्या बेतात आहेत. नायक फ्लाव्हिएर तो मृत्यू पाहतो आणि कोणालाही न सांगता निघून जातो. त्या उन्हाळ्यात फ्रान्समधली लाखो माणसं घरंदारं टाकून दक्षिणेकडे पळत होती. त्यांतला हा एक. लढाईची वर्षं तो आफ्रिकेत, डाकारला काढतो. परतल्यावर सिनेमागृहातल्या वार्तापटात त्याला तो चेहरा दिसतो. इकडे याची साक्ष नसल्यामुळे मित्रावरच पोलिसांचा संशय आला होता, आणि पळताना जर्मन विमानांच्या माऱ्यात तो ठार झाला! म्हणजे कट रचणारा मेला तो युद्धामुळे.

हिचकॉकने सगळं सॅन फ्रान्सिस्कोला नेलं आणि युद्ध गाळलं. मग नायकाच्या पळण्याला कारण उरत नाही. चित्रपटात चौकशी रीतसर होते, आणि मित्र सहीसलामत सुटतो. युद्धाच्या जागी कॅलिफोर्नियातला जुना स्पॅनिश काळ आणला आहे. तो दिसतो सुरेख, पण माझ्या मते ती भरपाई अपुरीच. पराभूत देशातल्या माणसाची शरम तिथं येत नाही.

एका बाबतीत मात्र हिचकॉकची सरशी. दुसरी बाई म्हणजे पहिलीच, हे पुस्तक अगदी अखेरीस सांगतं, आणि ते ऐकून फ्लाव्हिएर तिचा गळा दाबतो. चित्रपटात ही गोष्ट बऱ्याच आधी, तिच्या पत्रातून प्रेक्षकाला कळते, नायकाला नाही. तिथून पुढे तो तिला तसेच कपडे घ्यायला लावतो, केस तसेच रंगवायला लावतो, आणि आपला जीव अडकतो तिच्यात. पुस्तक वाचताना तिच्याबद्दल असं वाटायला वावच मिळत नाही.

अखेर ती पुन्हा मनोऱ्यावरून पडते. मिशन १७९७ सालचं आणि खरं, सॅन हुआन बाउतिस्ताचं. पण चित्रीकरण झालं तेव्हा तिथं तसा मनोराच नव्हता. तो रंगवून घातलेला आहे.