सातपुड्यात गाडी घालण्याआधी : डिक्कीत काय हवं, काय नको

बऱ्हाणपूर | प्रतिनिधी

पावसाळा ओसरला, नाले उतरले की आपल्या भागातल्या गाड्या सातपुड्याकडे वळतात. कुणी असीरगडच्या मागच्या कच्च्या रस्त्याने फिरायला जातं, कुणी खकनार-देडतलाईवरून धारणीकडे, कुणी जळगाव जामोदच्या घाटाने बुलढाण्यात उतरतं. रावेर, मुक्ताईनगर, परतवाडा इथली मंडळी उलट दिशेने आपल्याकडे येतात. थार, जिम्नी, गुरखा अशा फोर बाय फोर गाड्या वाढल्यात. पण खरी कच्च्या रस्त्याची गाडी म्हणाल तर आजही गावोगावची बोलेरो आणि जुनी कमांडर जीपच.

गाडी कुठलीही असो, डांबर संपलं की गॅरेजही संपतं. मेकॅनिक आणायचा तर आधी मोबाईलची रेंज शोधावी लागते. म्हणून सोबत काय न्यायचं याची ही माहिती. ऑनलाइन मिळणाऱ्या महागड्या किटची जाहिरात यात नाही. आपल्या रस्त्यांवर जे लागतं तेवढंच आहे.

फळीचा धडा

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आम्ही पाच जण देडतलाईच्या पुढे नातेवाइकांच्या शेतावर निघालो होतो. परतताना नाल्याकाठच्या काळ्या मातीत मागचं चाक पंक्चर झालं. डिक्कीत टॉर्च होती, पान्यांचा नवा सेट होता, दोरही होता. जॅक लावला, तर गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच मातीत रुतत गेला. कशीबशी स्टेपनी काढली, तर तिच्यातही हवा नाही. वर्षभर कुणी तपासलीच नव्हती.

अंधार पडला. सोबतचे काका शुगरचे पेशंट. दुपारचं इंजेक्शन घेतलेलं, आणि जेवण घरी जाऊन करायचं ठरलेलं. त्यांना घाम फुटला, बोलणं अडखळायला लागलं. तेवढ्यात बैलगाडी घेऊन एक कोरकू शेतकरी आले. त्यांनी शिदोरीतला गूळ काकांना दिला आणि गाडीतली बसायची फळी काढून जॅकखाली सारली. हवा भरायचा पंप दुसऱ्या गावातून सायकलवर आला.

मी कॉमर्सचा विद्यार्थी. दुकानात माल भरपूर आहे, पण गिऱ्हाईक मागतं तेच नाही, याला काय म्हणतात ते मला शिकवलं होतं. त्या दिवशी माझ्या डिक्कीत सगळा डेड स्टॉक होता.

तीन प्रश्न

तेव्हापासून कुठलीही वस्तू गाडीत ठेवण्याआधी मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो.

१. ही वस्तू माझ्याच गाडीला बसते का? एकाच नावाच्या गाडीचे डिझेल-पेट्रोल, जुने-नवे मॉडेल असतात. बेल्ट, फिल्टर वेगळे निघतात. पार्ट नंबर जुळवूनच घ्या.

२. ती मी स्वतः किंवा गावातला साधा मेकॅनिक, अंधारात, रस्त्यावर बसवू शकतो का? नसेल तर ती ओझं आहे.

३. ती नसेल तर गाडी जागेवर थांबेल, की हळूहळू तरी घरी येईल? जागेवर थांबवणारी वस्तू आधी घ्या.

चाक : पहिली तयारी इथे

आपल्या भागात गाडी अडते ती जास्त करून चाकामुळे. बाभळीचा काटा, बेसाल्टचा धारदार दगड, जंगलकडेला बांबूचे तोडलेले खुंट. टायरच्या तळव्याला भोक पडलं तर ट्यूबलेस किटमधली रबराची वात घालून काम भागतं. पण बाजूची भिंत फाटली तर वात टिकत नाही, तिथे स्टेपनीच लागते. म्हणून :

- स्टेपनी, आणि तिच्यात पूर्ण हवा. निघायच्या आदल्या दिवशी तपासा. पोटाखाली स्टेपनी असणाऱ्या गाड्यांत ती खाली सोडायची साखळी चिखलाने जाम होते. ती घरीच एकदा चालवून बघा.
- जॅक आणि साधारण फूट बाय फूटची जाड लाकडी फळी.
- चाकाचा पाना आणि त्यावर चढवायला लोखंडी पाइपचा तुकडा. यंत्राने आवळलेले नट नुसत्या हाताने सुटत नाहीत.
- ट्यूबलेस पंक्चर किट, हवेचं मीटर, आणि १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर किंवा पायपंप.

हे सगळं घेऊन अंगणात एकदा चाक बदलून बघा. हँडब्रेक ओढा, समोरच्या चाकाला दगड लावा, नट आधी सैल करा आणि मगच गाडी उचला. लावताना नट समोरासमोरचे आवळा. चाळीस-पन्नास किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा आवळून घ्या.

वाळूत गाडी रुतली तर टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत कमी केल्याने पकड वाढते. तेवढ्या हवेवर गाडी हळूच चालवायची, आणि डांबरावर येण्याआधी पुन्हा भरायची. पंप नसेल तर हवा काढूच नका. तापीकाठच्या ओल्या काळ्या मातीत मात्र हा उपाय फार चालत नाही. तिथे चिखल टायरच्या खाचांत भरून टायर गुळगुळीत होतो.

हत्यारं

- रिंग आणि फिक्स पाने, ८ ते १९ नंबर. तुमच्या गाडीला लागतात तेवढेच.
- एक स्क्रू पाना, पक्कड, नोज प्लायर
- दोन्ही प्रकारचे पेचकस
- हातोडी, टॉमी, हेक्सॉ ब्लेड
- डोक्याला बांधायची टॉर्च. हातातली टॉर्च धरायला दुसरा माणूस लागतो.
- जाड हातमोजे, जुनी सतरंजी किंवा ताडपत्री. गाडीखाली झोपावं लागतं.
- बाइंडिंगची तार, इन्सुलेशन टेप, केबल टाय, जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या

यातल्या शेवटच्या ओळीला हसू नका. लटकलेला सायलेन्सर तारेने बांधला जातो. चिरलेला होज पाइप ट्यूबच्या पट्टीने करकचून गुंडाळला की पुढच्या गावापर्यंत पाणी धरतो.

स्पेअर पार्ट : जुनी गाडी, नवी गाडी

जुन्या डिझेल गाडीसाठी फॅन बेल्ट, रेडिएटरचा वरचा-खालचा होज पाइप, क्लॅम्प, डिझेल फिल्टर आणि क्लच-ॲक्सिलरेटरची केबल असेल तर ती, एवढं ठेवा. बेल्ट तुटला की बॅटरीचा दिवा लागतो आणि पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असेल तर तापमान चढतं. तशीच दामटली तर हेड बसतं. म्हणजे काही शेकड्यांच्या वस्तूपायी हजारोंचं काम निघतं. डिझेल संपू देऊ नका. जुन्या इंजिनात हवा धरते, मग हाताने पंप मारून ती काढत बसावं लागतं.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांचं गणित वेगळं आहे. सेन्सर, इंजेक्टर रस्त्यावर दुरुस्त होत नाहीत. त्यांच्यासाठी पार्ट जमवण्यापेक्षा निघण्याआधी सर्व्हिसिंग आणि स्कॅन करून घेणं शहाणपणाचं. ज्या डिझेल गाड्यांत डीईएफ घालावं लागतं, त्यांची टाकी भरून घ्या. ते संपलं तर गाडी पुन्हा स्टार्ट न होण्याची शक्यता असते.

दोन्ही प्रकारच्या गाड्यांत हे हवंच :

- फ्यूज : १० (लाल), १५ (निळा), २० (पिवळा), ३० (हिरवा) अँपिअर. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा लावू नका, वायरिंग पेटतं.
- हेडलाइटचा एक बल्ब, गाडीत बल्ब असेल तर
- इंजिन ऑइल १ लिटर, कूलंट १ लिटर, ब्रेक ऑइलची छोटी बाटली. ग्रेड गाडीच्या पुस्तकात बघून.
- एम-सील. रेडिएटर किंवा ऑइल चेंबरची बारीक गळती थांबवायला. जागा थंड, कोरडी आणि घासून साफ केली तरच चिकटतं.
- जंपर केबल

जंपर लावताना क्रम पाळा. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. मदतीला ट्रॅक्टर आला तर त्याची बॅटरी १२ व्होल्टची असते. मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची, ती कारला जोडू नका.

रुतली तर

फावडं, बारदानाची चार पोती आणि टोचन करायचा पट्टा, एवढं पुरतं. चाक फिरवत बसू नका, गाडी आणखी खोल जाते. चाकापुढची माती उकरा, बारदान सारा, पहिल्या गिअरवर हळूच काढा.

टोचन करताना बाजारातला साधा नायलॉनचा दोर वापरू नका. तो ताणून तुटला तर चाबकासारखा येतो. वजनक्षमता लिहिलेला पट्टा आणि डी-शॅकल घ्या. पट्टा गाडीच्या टोइंग हुकलाच लावा, बंपरला किंवा स्टिअरिंगच्या रॉडला नाही. पट्ट्याच्या मधोमध जाड गोधडी टाका आणि बघ्यांना लांब उभं करा. जितका लांब पट्टा, त्याच्या दीडपट अंतर.

पावसाळ्यात रपटा (पलीकडे याला फरशी म्हणतात) पाण्याखाली असेल तर कुठलंच सामान कामाचं नाही. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी गाडी तरंगू लागते, दोन फुटांत एसयूव्हीसुद्धा वाहून जाते. पाणी उतरेपर्यंत थांबा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नका. आत पाणी ओढलं गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात हा खर्च बहुधा मिळत नाही.

माणसांचं सामान

- पिण्याचं पाणी माणशी ४-५ लिटर. रेडिएटरसाठी ५ लिटर वेगळं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका, वाफेने चेहरा भाजतो.
- दोन वेळचं कोरडं खाणं : फुटाणे, शेंगदाणे, दशम्या. साखर किंवा गूळ हाताशी. मात्र शुगर उतरलेला माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका.
- रोजची औषधं एक दिवस जास्तीची, ओआरएस, पट्टी, जंतुनाशक
- चादर, काडेपेटी, पॉवर बँक
- १ किंवा २ किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक, ड्रायव्हरच्या हाताशी

साप चावला तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. तो अवयव न हलवता दवाखाना गाठा. बऱ्हाणपूरला जिल्हा रुग्णालय आहे, धारणीला उपजिल्हा रुग्णालय. १०८ ची रुग्णवाहिका आणि ११२ नंबर दोन्ही राज्यांत चालतो, फक्त रेंज हवी. रेंज कुठे होती ते जाताना लक्षात ठेवा.

इंधन घरूनच पूर्ण भरून निघा. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल नेणं धोक्याचं आणि नियमाबाहेरचंही आहे. पेट्रोलियम कायद्यानुसार विनापरवाना पेट्रोल एकूण ३० लिटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि धातूचा डबा २५ लिटरपेक्षा मोठा नसावा लागतो. गाडीच्या आत तर तो नकोच.

भरायचं कसं

जड सामान खाली, सीटच्या पाठीला टेकून. टपावर फक्त हलकं. टप जड झाला की घाटाच्या वळणावर गाडी कलते. जॅक आणि फळी सगळ्यात शेवटी ठेवा म्हणजे पहिल्यांदा हाताला लागेल. सगळं पट्ट्याने बांधा. जोरात ब्रेक लागला तर मोकळा जॅक मागून डोक्यात बसतो.

कागद आणि जंगल

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी कागदावर सोबत ठेवा. डिजिलॉकरही चालतं, पण रेंज नसलेल्या नाक्यावर ते उघडणार नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कच्च्या रस्त्याने जाणं वेगळं, जंगलात गाडी घालणं वेगळं. मेळघाट हा १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी आहे. यावल आणि अंबाबरवा ही अभयारण्यं आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे तिथे परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे. गेटच्या वेळा वनविभागाकडे आधी विचारा. पेरलेल्या शेतातून तर चाक नेऊच नका. अडकल्यावर मदतीला येणारा त्याच शेताचा मालक असतो.

निघताना घरी एक चिठ्ठी ठेवा : कुठला रस्ता, कोण कोण, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोधायला निघायचं. तिला पैसा लागत नाही.

परत आल्यावर वापरलेलं सामान त्याच दिवशी भरून ठेवा. पूर्वी बैलगाडीला वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं. ते रिकामं ठेवून कुणी गाडी जुंपत नव्हतं. आमच्या गाडीत आता जॅकशेजारी फळी आहे आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात गुळाची पुडी. पावसाळ्यात ती ओलसर होते, म्हणून दर महिन्याला बदलतो. स्टेपनीची हवाही त्याच दिवशी बघतो.