गडचिरोली-चंद्रपूर वनपट्ट्यातील संशोधन प्रकल्प

गडचिरोली-चंद्रपूर वनपट्ट्यातील संशोधन प्रकल्प म्हणजे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाच्या या दोन जिल्ह्यांत आरोग्य, शेती व शिक्षण या विषयांवर, मुख्यतः १९८० च्या दशकापासून, झालेली संशोधनकार्ये होत. त्यांपैकी नवजात बालकांच्या घरगुती सेवेवरील क्षेत्रप्रयोग जागतिक पातळीवर सर्वाधिक चर्चिला गेला. संशोधनाला मान्यता कोणाची लागते आणि सिद्ध झालेल्या निष्कर्षाला शासन कितपत मान्यता देते, हे दोन प्रश्न या भागातील बहुतेक प्रकल्पांच्या इतिहासात पुन्हापुन्हा आढळतात.

पार्श्वभूमी

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याचा मोठा भाग वनाच्छादित आहे. उत्तरेकडील गडचिरोली, धानोरा हे तालुके आणि दक्षिणेकडील अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा हे तालुके यांत भाषा व दळणवळण या दोन्ही बाबतींत बराच फरक आहे. प्राणहिता नदीच्या काठावरील अहेरी परिसरात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी व माडिया बोलल्या जातात. माडिया गोंड ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात आहे. इतर दोन कातकरी व कोलाम. पावसाळ्यात नदी-नाल्यांना पूर आला की अनेक गावांचा संपर्क तुटतो. रुग्णाला दवाखान्यात पाठवावे हा वैद्यकशास्त्रातील सर्वसाधारण सल्ला येथे अनेकदा निरुपयोगी ठरतो. येथील आरोग्य संशोधनाची दिशा या वस्तुस्थितीनेच ठरली.

आरोग्यविषयक संशोधन

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतल्यानंतर १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून केलेला त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे त्यात आढळले. मात्र अशी तपासणी त्यापूर्वी झालेल्या स्त्रिया ८ टक्केही नव्हत्या. तोवर ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार प्रसूती व कुटुंबनियोजन यांपुरता होत असे. या अभ्यासाने ती चौकट अपुरी असल्याचे आकड्यांनिशी दाखवले.

यानंतरचा प्रयोग बालकांच्या न्यूमोनियावर होता. ५८ गावांत निमवैद्यकीय कार्यकर्ते, गावातील आरोग्यसेवक आणि सुईणी यांना न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमॉक्साझोल हे औषध देण्याचे प्रशिक्षण देण्यात आले व ४४ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचार मिळालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के, तर तुलनेच्या गावांतील न्यूमोनियाग्रस्त बालकांत ते १३.५ टक्के होते. निरक्षर सुईणींना मिनिटाचे श्वास मोजता यावेत म्हणून एक साधन तयार करण्यात आले होते. वाळूच्या घड्याळातील वाळू एका मिनिटात खाली पडेपर्यंत दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. ठरलेल्या मण्यापर्यंत पोहोचल्यास न्यूमोनिया समजायचा. दहापर्यंत मोजता येणे एवढीच त्याची अट होती.

नवजात बालसेवा प्रयोग

नवजात बालकांवरील प्रयोगाला १९९३ मध्ये प्रारंभ झाला. त्यासाठी ३९ गावे प्रयोगाची व ४७ गावे तुलनेची होती. प्रत्यक्ष उपचारांपूर्वी, १९९५-९६ या वर्षात, ७६३ नवजात बालकांची घरोघरी जाऊन केवळ पाहणी व नोंद करण्यात आली. निम्म्याहून अधिक बालकांना वैद्यकीय सेवेची गरज होती. प्रत्यक्षात डॉक्टर वा परिचारिकेपर्यंत पोहोचलेली बालके २.६ टक्के आणि रुग्णालयात दाखल झालेली ०.४ टक्के होती.

त्यानंतर गावातीलच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. प्रसूतीच्या वेळी हजर राहणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला कृत्रिम श्वास देणे, वजन करणे, बाळाला ऊबदार ठेवणे, स्तनपानास मदत करणे ही त्यांची कामे होती. सर्वांत वादग्रस्त काम होते जंतुदोषाचे, म्हणजेच सेप्सिसचे, लक्षणांवरून निदान करून जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याचे. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने नवजात बाळाला इंजेक्शन देणे वैद्यकीय व्यवसायातील अनेकांना मान्य नव्हते. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, तुलनेच्या गावांच्या संदर्भात नवजात मृत्युदरात ६२.२ टक्के घट झाली. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रयोगाची एक मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. गावांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, झालेली नव्हती. दोन गटांतील मूळचा फरक निष्कर्षात मिसळला असण्याची शंका अशा रचनेत पूर्णतः टाळता येत नाही. बांगलादेशातील सिल्हेट येथे घरगुती सेवेचा यादृच्छिक पद्धतीने केलेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही नवजात मृत्युदर सुमारे एक तृतीयांशाने घटला. गडचिरोलीइतकी मोठी नसली तरी घट त्याच दिशेची असल्याने मूळ निष्कर्षाला बळ मिळाले.

शासकीय स्वीकार आणि त्यातील गाळणी

२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी संयुक्त निवेदनाद्वारे नवजात बालकांसाठी गृहभेटींची शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत गृहाधारित नवजात सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला सहा व घरी जन्मलेल्या बाळाला सात भेटी दिल्या जातात.

मात्र गडचिरोलीतील आरोग्यदूत आणि राष्ट्रीय कार्यक्रमातील आशा यांची कामे सारखी नाहीत. आशा वजन घेते, धोक्याची लक्षणे ओळखते व बाळाला पुढे पाठवते. जेंटामायसिन देण्याची परवानगी तिला मिळाली नाही. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी विशिष्ट परिस्थितीत ती सहायक परिचारिका-प्रसाविकेला, म्हणजे एएनएमला, देण्यात आली. जेथे उपकेंद्र दूर व रस्ता बंद, तेथे हा फरक केवळ कागदावरचा राहत नाही. प्रयोगाचा सर्वांत सोपा भाग देशभर गेला आणि सर्वांत कठीण भाग मागे राहिला, असे म्हणता येईल.

आफ्रिकेत हाच प्रश्न वेगळ्या मार्गाने हाताळला गेला. काँगोचे लोकशाही प्रजासत्ताक, केनिया व नायजेरिया या देशांत 'आफ्रिनेस्ट' या नावाने क्षेत्रप्रयोग झाले. रुग्णालयात नेणे शक्य नसलेल्या तान्ह्या बाळांना जेंटामायसिनची कमी इंजेक्शने व तोंडाने अमॉक्सिसिलिन देणे पुरेसे आहे काय, हे त्यांत तपासले गेले. २०१५ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले व त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अशा परिस्थितीसाठी रुग्णालयाबाहेरील उपचाराची मार्गदर्शिका काढली.

नैतिक मान्यता

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मानवावरील संशोधनासाठी १९८० मध्ये धोरणपत्र काढले. सविस्तर नैतिक मार्गदर्शक तत्त्वे २००० मध्ये आली व २००६ आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. जून २००९ पासून देशातील औषधचाचण्यांची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करणे बंधनकारक झाले. गडचिरोलीतील सुरुवातीचे प्रयोग या चौकटीच्या बऱ्याच आधीचे आहेत. लेखी संमतीपत्र हा आजच्या मान्यतेचा गाभा आहे. परंतु दक्षिण गडचिरोलीत संमतीपत्र मराठीत आणि ज्याची संमती घ्यायची तो माडिया बोलणारा, अशी स्थिती सहज उद्भवते.

रक्तविकारांच्या संशोधनात ही अडचण अधिक ठळक होते. माडिया, गोंड, परधान इत्यादी समाजांत सिकलसेलचे प्रमाण अधिक आढळते. मुंबईच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्थेचे या विकारांवरील केंद्र चंद्रपूर येथे आहे. रक्ताचा नमुना एका दिवसात घेता येतो. पण 'वाहक' म्हणजे रुग्ण नव्हे, हे कुटुंबाला त्याच्या भाषेत समजावून न सांगितल्यास चाचणीचा परिणाम थेट सोयरिकीवर होऊ शकतो.

शेती

पूर्व विदर्भातील भातशेतीवरील शासकीय संशोधन अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतील सिंदेवाही (जि. चंद्रपूर) येथील केंद्रात चालते. परंतु या भागातील सर्वांत प्रसिद्ध धानाचे वाण केंद्राबाहेर निर्माण झाले. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये 'पटेल ३' या वाणाच्या आपल्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचे बी राखून, वर्षानुवर्षे निवड करत त्यांनी बारीक दाण्याचे व चांगल्या उत्पन्नाचे धान तयार केले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून त्याला 'एचएमटी' हे नाव पडले.

१९९४ मध्ये विद्यापीठाने प्रयोगासाठी त्यांच्याकडून बी नेले आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण प्रसारित केले. मूळ निवडीचे श्रेय आपल्याला दिले नाही, अशी खोब्रागडे यांची तक्रार होती. मिश्र बियाण्यातून शुद्ध वाण काढल्याची भूमिका विद्यापीठाच्या बाजूने मांडली गेली. शेतकऱ्याला वाणाचा निर्माता म्हणून हक्क देणारा कायदा २००१ चा, म्हणजे या प्रसारणानंतरचा आहे. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने २००५ मध्ये खोब्रागडे यांचा गौरव केला. 'विजय नांदेड', 'दीपक रत्न', 'डीआरके' ही त्यांची आणखी काही वाणे. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

शिक्षण

शिक्षणविषयक संशोधन तुलनेने विरळ आहे. हेमलकसा येथे १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोक बिरादरी प्रकल्पाची आश्रमशाळा १९७६ पासून चालते. शासकीय आश्रमशाळांचे व्यवस्थापन गडचिरोली, अहेरी व भामरागड येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांकडे आहे. राज्य पातळीवरील अभ्यास पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था करते. घरी माडिया वा गोंडी आणि शाळेत मराठी, या भाषांतराचा पहिल्या दोन इयत्तांवर होणारा परिणाम हा येथील मूलभूत प्रश्न आहे.

२०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले व दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूर विद्यापीठातून त्याकडे आली. त्यामुळे अहेरी वा सिरोंचा येथील संशोधक विद्यार्थ्याचा पीएच.डी.चा विषय आता नागपूरऐवजी गडचिरोलीतील समितीपुढे मान्यतेसाठी येतो.