मावळे, साचे आणि पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक

गेल्या दिवाळीत अलिबागला घरी गेलो तेव्हा भाच्याबरोबर किल्ला केला. समोर समुद्रात खराखुरा कुलाबा उभा, आणि आम्ही अंगणात विटा, गोणपाट नि चिखल घेऊन बसलेलो! बाजारातून सिंहासनावरचे महाराज, एक तोफ आणि सहा मावळे आणले. म्हटलं, अजून घेऊया की. तर भाचा म्हणतो, "मामा, माळ्यावर गेल्या वर्षीचे आहेत ना!"

धंद्याची सगळी अडचण या एका वाक्यात आहे. मावळा टिकतो. मग विकणाऱ्याने पुढच्या वर्षी काय खायचं?

इंग्लंडमधल्या शिशाच्या शिपायांचंही तेच. १८९३ साली विल्यम ब्रिटनच्या कंपनीने पोकळ शिपाई ओतायला सुरुवात केली. साच्यात शिसं ओतायचं, बाहेरचा थर गोठला की आतलं परत काढून घ्यायचं. धातू कमी, म्हणून किंमत कमी. जर्मनीचे भरीव शिपाई मागे पडले. पण अशी स्वस्ताई एकदाच करता येते.

खरी युक्ती निघाली १९८३मध्ये. सिटाडेल ही इंग्लिश कंपनी योद्ध्या-राक्षसांच्या चिमुकल्या मूर्ती विकायची. तेव्हाच्या रोल-प्लेइंग खेळांत एका खेळाडूला एक मूर्ती पुरे. कंपनीच्या ब्रायन अ‍ॅन्सेलना हवा होता अख्खी फौज लागेल असा खेळ. त्यातून वॉरहॅमर आला. प्रत्येक योद्ध्याचे गुण ठरलेले. दोन्ही बाजूंची बेरीज जुळवा आणि लढा. सहा मावळ्यांत भागतंय कुठे! शिवाय काही वर्षांनी नियमांची नवी आवृत्ती येते आणि कपाटात फौज असूनही नवं पुस्तक घ्यावं लागतं. (आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांनी यावर न हसलेलं बरं.) वर मूर्ती मिळते बिनरंगाची. रंगवायचं गिऱ्हाईकाने, आणि रंगही विकणार तीच कंपनी.

बिनरंगाची मूर्ती म्हटलं की मला पेण आठवतं, अलिबागपासून तीसेक किलोमीटरवर. (गणपतीला खेळणं म्हणत नाहीये, साच्याच्या धंद्याबद्दल बोलतोय.) हमरापूर, जोहे भागातून कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या मूर्ती बाहेरगावचे व्यापारी नेतात आणि तिकडे रंगवतात. इथे हिशेब उलटा. कच्ची मूर्ती स्वस्त. किंमत चढते ती रंग आणि डोळ्यांची आखणी झाल्यावर, आणि तो पैसा पेणला येत नाही. पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक मात्र शोधावं लागत नाही. विसर्जन झालं की नवी मूर्ती लागतेच, आवृत्ती बदलायची गरज नाही.

पण भिस्त सगळी एका सणावर. वर्षभर मूर्ती करायच्या आणि भांडवल गोदामात अडकवून बसायचं. मे २०२०मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपीच्या मूर्तींवर बंदीचे नियम काढले, आणि त्याच महिन्यात ते वर्षभर पुढे ढकलले गेले. हुश्श म्हणेपर्यंत जुलैत कोरोनामुळे राज्य सरकारने सार्वजनिक मूर्तीला ४ फूट आणि घरच्या मूर्तीला २ फुटांची मर्यादा घातली. वॉरहॅमरमध्ये नियम बदलले की कंपनीचा माल खपतो. इथे नियम बदलले आणि पाच फुटी मूर्ती कारखान्यातच राहिली.

असो. आम्ही माळ्यावरचे मावळे खाली काढले. दोघांचे भाले मोडलेले, रंग उडालेला. भाचा म्हणाला, आपणच रंगवू. दुकानात गेलो, तर रंगाची एक डबी मावळ्यापेक्षा महाग :-)