बाबासाहेब सुधारणावादी की क्रांतिकारक? आधी प्रश्न तपासू

“आंबेडकर सुधारणावादी होते, क्रांतिकारक नव्हते.” आपल्या तरुण कार्यकर्त्यांना डाव्या मित्रांकडून हे वाक्य हमखास ऐकावे लागते. बाबासाहेबांनी कायदे, निवडणुका आणि राखीव जागा यांचा मार्ग धरला. मालक-मजूर ही व्यवस्था मुळापासून उलथवण्याचा नाही, असा त्याचा अर्थ. आपली पोरे यावर एकतर चिडतात, नाहीतर गप्प बसतात. दोन्हीची गरज नाही. हा वाद आला कुठून, ते आधी पाहू.

हा वाद जर्मनीतला. तिथला सोशल डेमोक्रॅटिक पक्ष हा त्या काळचा जगातला सर्वात मोठा समाजवादी पक्ष. त्याचे विचारवंत एडवर्ड बर्नस्टाईन यांनी १८९६ पासून लेखमाला लिहिली आणि १८९९ मध्ये पुस्तक काढले. भांडवलशाही लवकर कोसळण्याची चिन्हे नाहीत. म्हणून मतदान, कामगार संघटना, सहकारी संस्था आणि कायदे यांच्या वाटेने पायरी पायरीने समाजवादाकडे जावे, अशी त्यांची मांडणी होती. रोझा लक्झेंबर्ग यांनी १८९९ मध्येच एका पुस्तिकेतून त्यांना उत्तर दिले. लक्षात घ्या, त्या सुधारणांच्या विरोधात नव्हत्या. सुधारणांसाठीचा रोजचा लढा हे साधन आहे आणि समाज बदलणे हे साध्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. साध्य सोडून जो फक्त साधन धरतो, तो वेगळ्याच मुक्कामाला पोचतो, हा त्यांचा आक्षेप होता.

पुढे काय घडले? १९०३ मध्ये ड्रेस्डेनच्या अधिवेशनात पक्षाने मोठ्या बहुमताने बर्नस्टाईनच्या विचाराचा निषेध केला. कागदावर क्रांती जिंकली. पण ४ ऑगस्ट १९१४ रोजी त्याच पक्षाने जर्मन संसदेत कैसरच्या युद्धखर्चाला मंजुरी दिली आणि कामगारांच्या पोरांना दुसऱ्या देशाच्या कामगारांवर गोळ्या झाडायला पाठवले. सुधारणावादी म्हणून हिणवले गेलेल्या बर्नस्टाईन यांनीही तेव्हा साथ दिली, पण १९१५ च्या अखेरीस त्यांनी युद्धखर्चाविरुद्ध मत दिले. क्रांतीच्या ठरावाला हात वर करणारे बहुसंख्य मात्र सरकारच्या बाजूनेच राहिले. जानेवारी १९१९ मध्ये रोझा लक्झेंबर्ग यांची हत्या झाली, तेव्हा सत्तेवर याच पक्षाचे सरकार होते.

यातून एक गोष्ट शिकावी. कोण क्रांतिकारक, हे ठरावावरून आणि झेंड्याच्या रंगावरून कळत नाही. लढ्यानंतर सत्ता कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेली, यावरून कळते. हीच फूटपट्टी घेऊन आता मुंबईला येऊ.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सुमारे दीड लाख कामगारांनी जवळजवळ सहा महिने संप केला. कम्युनिस्टांचे मोठे नाव त्याच संपाने झाले. पण त्याच गिरण्यांत साचेखात्याचे, म्हणजे विणकाम विभागाचे दार अस्पृश्य कामगाराला बंद होते. धोट्यात नवी कांडी भरताना सूत तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. साचेखात्यात पगार जास्त, म्हणून विटाळाचा थेट अर्थ कमी मजुरी असा होता. हे दार मालकाइतकेच सोबतच्या कामगारानेही बंद ठेवले होते. बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा तो त्यांना अडचणीचा वाटला. आता सांगा, दीड लाखांचा संप क्रांतिकारक आणि साचेखात्याचे दार उघडण्याची मागणी फक्त ‘सुधारणा’, हे कोणत्या हिशेबाने?

१९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण देऊ न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी समाजवाद्यांना हाच प्रश्न विचारला. क्रांतीनंतर आपल्याला समान वागणूक मिळेल याची खात्री नसेल, तर गरीब माणूस क्रांतीला येईल कशाला? जातीचा प्रश्न क्रांतीआधी घेतला नाही, तर क्रांतीनंतर घ्यावाच लागेल. याचे समाधानकारक उत्तर अजून आलेले नाही.

आणि बाबासाहेब फक्त जातीपुरते थांबले काय? ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या हजारो कुळांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. त्यात महार होते तसे कुणबीही होते. फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या काँग्रेस सरकारच्या विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या सोबतीने एक दिवसाचा संप केला. विधेयक विधानसभेत आणि संप रस्त्यावर, दोन्ही.

“पण कायद्याने काय होते? सत्ताधारी आपल्या हाताने काही सोडत नाहीत,” असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. बाबासाहेबांचे खोती विधेयक त्या सरकारने मंजूर केले नाहीच. खोती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. पण त्याआधी कुळे संघटित होऊन खोताच्या डोळ्याला डोळा भिडवू लागली होती. लढ्याशिवाय कायदा येत नाही, आणि कायद्याशिवाय लढ्याची कमाई टिकत नाही.

म्हणूनच १९४७ चे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन प्रत्येक कार्यकर्त्याने वाचायला हवे. मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे, विमा सरकारकडे, शेती हा सरकारी उद्योग. ना जमीनदार, ना कूळ, ना भूमिहीन मजूर. आणि हे सगळे साध्या कायद्यात ठेवायचे नाही, संविधानातच लिहायचे, म्हणजे उद्याचे बहुमत ते सहज पुसू शकणार नाही. ही योजना संविधानात आली नाही. पण हिला ‘किरकोळ सुधारणा’ कोण म्हणेल? रक्तपाताचा मार्ग बाबासाहेबांना मान्य नव्हता. मार्ग शांततेचा होता, म्हणून ध्येय लहान होते असे होत नाही.

आता थोडे आपल्याकडेही बघू. बर्नस्टाईनचा सापळा आपल्यालाही लागू आहे. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. हजारो माणसे तुरुंगात गेली. त्यानंतर जमिनीचा प्रश्न आपल्या व्यासपीठावरून मागे का पडला? महामंडळाचे पद, एखादे तिकीट, एखादा पुतळा मिळाला की लढा संपला असे मानणे म्हणजे साधनालाच साध्य समजणे. शिष्यवृत्तीसाठी लढायचेच, कारण तिच्यावर एका मुलीचे शिक्षण उभे असते. पण ती मिळाल्यावर पुढचा प्रश्न विचारायचा: गावातली जमीन, गिरणी, कंपनी, विद्यापीठ कोणाच्या हातात आहे?

तेव्हा यापुढे कोणी विचारले की बाबासाहेब सुधारणावादी की क्रांतिकारक, तर उलट विचारा: तुमच्या क्रांतीत साचेखात्याचे दार कोण उघडणार आहे? आणि तोच प्रश्न आपल्या पुढाऱ्यांनाही विचारायला लाजू नका.

जय भीम!