पट्टी आणि मींड



पट्टीच्या वाद्यांवर एक जुना आरोप आहे. पट्टी दाबली कीं स्वर निघतो, सोडली कीं थांबतो. पण मधल्या काळांत त्या स्वराला कांहीं सांगतां येत नाहीं. षड्जावरून ऋषभाकडे घसरत जाणें गळ्याला आणि सारंगीला सहज साधतें, पेटीला साधत नाहीं. याही आरोपावरून ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीला नभोवाणीवर मज्जाव केला, आणि तो अंशतः उठावयास १९७१ साल उजाडलें. पेटीचा कैवार घेणें हा आज माझा हेतु नाहीं. विजेवर चालणाऱ्या वाद्यांनीं याच आरोपाला काय उत्तर दिलें, तें सांगावयाचें आहे.

नवल असें कीं, विजेच्या पहिल्या पिढींतील वाद्यें या दोषापासून मुक्त होतीं. मॉरिस मार्तेनो हा फ्रेंच गृहस्थ स्वतः चेलो वाजवीत असे. त्यानें आपलें वाद्य १९२८ सालीं पॅरिस येथें लोकांपुढें मांडलें. तारेला जोडलेली कडी उजव्या हाताच्या बोटांत घालून ती डावीउजवीकडे सरकवावयाची, म्हणजे स्वर अखंड चढे-उतरे. डाव्या हातानें एक कळ कमीअधिक दाबून आवाजाचा लहानमोठेपणा राखावयाचा. पुढें कॅनडांत ह्यू ल केन या पदार्थविज्ञानवेत्त्यानें १९४५ ते १९४८ या काळांत आणखी एक पाऊल टाकलें. त्याच्या वाद्याची पट्टी जितकी जोरानें दाबावी तितका आवाज वाढे, बाजूस रेटावी तर स्वर हाले, आणि डाव्या हाताचीं बोटें त्याच वेळीं नादाचा पोत बदलीत. मेलेल्या पट्टींत या माणसानें जीव घातला असें मी म्हणेन. मात्र हीं दोन्ही वाद्यें एका वेळीं एकच स्वर काढीत.

पुढें कारखानदारी वाढली, अनेक स्वर एकदम काढणारे सिंथेसायझर आले. पण एका घरचें वाद्य दुसऱ्या घरच्या वाद्याशीं बोलेना. तेव्हां अमेरिकेंतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील इकुतारो काकेहाशी यांनीं पुढाकार घेऊन मिडी नांवाची सामाईक भाषा ठरविली, आणि जानेवारी १९८३ मध्यें दोन निरनिराळ्या कारखान्यांचीं वाद्यें जोडून ती दाखविली. या भाषेंत सोळा वाटा, म्हणजे चॅनल, आहेत. कोणती पट्टी, किती वेगानें दाबली, केव्हां सोडली हें प्रत्येक स्वरापुरतें कळतें. परंतु स्वर वळविण्याची आज्ञा, जिला पिच बेंड म्हणतात, ती सबंध चॅनलला लागू पडते. तीन पट्ट्या धरून एक स्वर वळवूं गेलां तर तिन्ही वळतात. एका मुलास उभें राहा म्हणावें आणि सारा वर्ग उभा राहावा, तसला हा प्रकार! तरी योजकांना दोष देणें अन्यायाचें होईल. ती भाषा स्वस्त होती, सर्वांना विनामूल्य होती, म्हणूनच ती जगभर रुजली.

विशेष हें कीं, या रोगाचें औषध मूळ नियमांतच होतें. प्रत्येक स्वराला स्वतंत्र चॅनल देण्याची एक पद्धत तेथें सांगितलेली होती, आणि गिटारवाले तिचा उपयोग करीत. सहा तारा, सहा चॅनल. पट्टीवाल्यांनीं मात्र तिकडे फारसें पाहिलें नाहीं. पुढें लिपोल्ड हाकेन यांचें कंटिन्युअम, रोली कंपनीचें सीबोर्ड, रॉजर लिन यांचें लिनस्ट्रुमेंट अशीं बोटाची प्रत्येक हालचाल टिपणारीं साधनें आलीं, आणि जानेवारी २०१८ मध्यें एमपीई या नांवानें ती पद्धत शास्त्रशुद्ध झाली. एक चॅनल सर्वांच्या सामाईक आज्ञांसाठीं, उरलेले पंधरा एकेका स्वरासाठीं. बोटें दहाच असल्यामुळें हें पुरून उरतें. बोट आडवें सरकविलें कीं स्वर वळतो, दाबलें कीं सामान्यतः आवाज वाढतो, पुढेंमागें नेलें कीं नादाचा रंग पालटतो.

येथें एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुष्कळांची निराशा येथेंच होते. या साधनांत स्वर वळण्याची मर्यादा बहुधा वरखालीं ४८ अर्धस्वर धरलेली असते, जुन्या सिंथेसायझरांत ती पुष्कळदां दोनच असते. दोन्हीकडे आंकडा एक केला नाहीं, तर बोट सबंध सप्तक ओलांडून जातें आणि स्वर जेमतेम अर्धा अर्धस्वर हालतो. मग वाद्याला नांवें ठेवण्यांत काय अर्थ? आंकडा जुळला म्हणजे एकेका अर्धस्वराचे सुमारे १७० भाग हातीं येतात; मींडेला तेवढे पुष्कळ झाले. जुन्या मिडीच्या तारेंतून मात्र सेकंदाला सुमारें हजारच आज्ञा जातात, आणि दहा बोटें एकदम हालूं लागलीं कीं तेथें गर्दी होते. संगणकाला यूएसबीनें जोडल्यास ही अडचण सहसा येत नाहीं. २०२० सालीं आलेल्या मिडीच्या दुसऱ्या आवृत्तींत तर स्वरागणिक वळणाची सोय मूळ भाषेंतच आहे.

ओस्मोज नांवाचें एक फ्रेंच वाद्य अलीकडे निघालें आहे. त्याला नेहमींसारख्याच पट्ट्या आहेत, पण त्या बाजूसही हालतात, ल केनच्या पट्टीप्रमाणेंच. मात्र येथें एका हातानें चार पट्ट्या धरून त्यांतील एकच बाजूला रेटली, तर तिचा एकटीचाच स्वर घसरतो आणि बाकीचे तीन जागच्या जागीं राहतात.