छायाचित्रणाची विद्या: पोथीतून की पाहून?



छायाचित्रण शिकू इच्छिणारा आजचा तरुण पुस्तकांच्या दुकानात क्वचितच जातो. कॅमेऱ्याच्या खोक्यात मिळणारी पुस्तिका तो बहुधा उघडूनही पाहत नाही. हातातील फोनच्या पडद्यावर कोणीतरी कॅमेरा हाती धरून बोलत असतो, दाखवीत असतो. ते पाहून तो शिकतो. यूट्यूबवर पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ रोजी चढली. तेव्हापासून थोड्याच वर्षांत ही रीत इतकी रुळली की, जुनी माणसे हळहळू लागली आहेत. ती म्हणतात, ‘मुळात वाचा, तेव्हाच विद्या पक्की होईल.’ तरुण म्हणतात, ‘जे दोन मिनिटांत डोळ्यांना दिसते, त्यासाठी वीस पाने कशाला वाचावयाची?’

या वादात एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला झोडपणे सोपे आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने आधी विचारावे की, हा वाद खरोखर नवा आहे काय? माझे उत्तर असे की, तो नवा नाही. छायाचित्रणाची कला जन्मली त्या वर्षीच तो जन्मला. त्या कलेची पावणेदोनशेहून अधिक वर्षांची वाटचाल पाहिली, तर आपल्या आजच्या प्रश्नाचे उत्तरही हाती लागण्यासारखे आहे.

७ जानेवारी १८३९ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत आरागो या शास्त्रज्ञाने जाहीर केले की, दागेर नावाच्या गृहस्थाने प्रकाशाकडून चित्र काढून घेण्याची युक्ती शोधली आहे. युक्ती काय ते मात्र त्या दिवशी सांगितले गेले नाही. फ्रेंच सरकारने दागेरला सालीना सहा हजार फ्रँक आणि त्याच्या दिवंगत सहकाऱ्याचा, म्हणजे न्येप्सचा, मुलगा इसिदोर याला चार हजार फ्रँक तहहयात देऊ केले आणि ते रहस्य विकत घेतले. १९ ऑगस्ट रोजी ते जगापुढे उघड करण्यात आले. कारागिराची गुरुकिल्ली सरकारने विकत घ्यावी आणि ती चव्हाट्यावर ठेवावी, ही गोष्ट साधी नव्हे. घराण्यात, पेढीत, बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या येथे प्रथमपासूनच छापील पुस्तिकेच्या रूपाने लोकांत आली. दागेरने स्वतः ती पुस्तिका लिहिली. दीड वर्षाच्या आत निरनिराळ्या भाषांत मिळून तिच्या तीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या.

पण पुस्तिका विकत घेणाऱ्या सर्वांनाच चित्रे साधली काय? कृती अशी होती: चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आरशासारखा घासावयाचा, त्याला आयोडीनची वाफ द्यावयाची, तो कॅमेऱ्यात घालून प्रकाश दाखवावयाचा, मग पाऱ्याच्या वाफेवर धरून चित्र उमटवावयाचे आणि शेवटी ते द्रावणात धुऊन पक्के करावयाचे. पारा साठ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवावा असे पुस्तिकेने सांगितले. ते सांगता येते, कारण उष्णतामापकावर साठ हा आकडा पॅरिसला दिसतो तसाच पुण्यालाही दिसतो. पण आयोडीनच्या वाफेने पत्रा सोनेरी पिवळा झाला म्हणजे थांबावे, त्यावर जांभळी झाक येऊ देऊ नये, असेही त्या पुस्तिकेने सांगितले होते. सोनेरी म्हणजे किती सोनेरी? पिवळा कोठे संपतो आणि जांभळा कोठे सुरू होतो? हे शाईने सांगता येत नाही. ते एकदा पाहावे लागते. म्हणून पुस्तिका बाजारात आल्यावरसुद्धा त्याच सप्टेंबरात दागेरला पॅरिसमध्ये लोकांसमोर उभे राहून सारी कृती प्रत्यक्ष करून दाखवावी लागली.

हीच गोष्ट समुद्रापलीकडे घडली. तारायंत्रामुळे पुढे जगप्रसिद्ध झालेला सॅम्युएल मोर्स १८३९ च्या मार्चमध्ये पॅरिसला दागेरला भेटला होता. कृती छापून अमेरिकेत पोहोचताच त्याने आणि न्यूयॉर्कमधील इतर हौशी मंडळींनी तेवढ्या मजकुराच्या आधारे खटपट सुरू केली. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रांस्वा गूरो हा फ्रेंच माणूस दागेरची चित्रे आणि उपकरणे घेऊन तेथे आला. न्यूयॉर्कमध्ये आणि नंतर बोस्टनमध्ये त्याने प्रयोग करून दाखविले आणि व्याख्याने दिली. मोर्सची आणि त्याची पुढे जाहीर तेढ आली. आपण गूरोकडून काही शिकलो नाही, असे मोर्सचे म्हणणे. वाचून शिकलेला आणि करून दाखविणारा यांचा हा पहिला खटका. गंमत अशी की, त्याच गूरोने १८४० साली बोस्टनमध्ये आपली स्वतःची पुस्तिका छापली. प्रयोग पाहून घरी गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी प्रमाणे आठवत नाहीत, हे त्या व्यवहारी माणसाने ओळखले असले पाहिजे.

एवढ्यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पुस्तक प्रमाण देते, कारण देते, आणि विसरलेले पुन्हा काढून पाहण्याची सोय देते. प्रात्यक्षिक हाताचे वळण देते. परंतु विद्या पुरी होण्यास आणखी एक तिसरी गोष्ट लागते. ती कोणती, हे पाहण्यासाठी आपल्याच मुंबईत यावयास हवे.

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने ओल्या काचेची कृती प्रसिद्ध केली. तिचा मक्ता त्याने घेतला नाही. तो १८५७ साली गरिबीतच वारला. या कृतीत कलोडियन नावाचा चिकट द्रव काचेवर ओतून, काच हळूहळू कलती करीत, तो चारी कोपऱ्यांना पोहोचवावयाचा आणि उरलेला शेवटच्या कोपऱ्यातून बाटलीत परत घ्यावयाचा. मग काच चांदीच्या द्रावणात बुडवून, ती ओली आहे तोवर चित्र घेऊन उमटवावयाचे. यास जेमतेम दहापंधरा मिनिटे मिळत. विलायतेतील पुस्तकांत जी वेळ लिहिलेली, ती तेथल्या थंड हवेतली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काच त्याआधीच सुकू लागे. म्हणजे पुस्तक खरे असूनही येथे अपुरे पडे.

अशा वेळी १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत युरोपियन अधिकारी व व्यापारी होते, तसेच डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. सभासद एकत्र जमत, आपापली चित्रे मांडीत, आणि या हवेत कोणते द्रावण कसे वागते याची चर्चा करीत. सोसायटीने आपले मासिकही काढले. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवून नाव मिळविणारे हरिश्चंद्र चिंतामण त्याच वर्गातून तयार झाले. पुस्तक होते, प्रयोग होता, आणि शिवाय तुमची काच हातात घेऊन ‘येथे डाग का पडला’ हे सांगणारा माणूस होता. हीच ती तिसरी गोष्ट. गुरू दाखवितो एवढ्यानेच तो गुरू ठरत नाही; शिष्याने केलेले तो पाहतो, म्हणून ठरतो.

यानंतर एक मोठे वळण आले. १८८८ साली जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा पंचवीस डॉलरला विक्रीस काढला. आत शंभर चित्रांची गुंडाळी. ती संपली की कॅमेराच कारखान्याकडे पाठवावयाचा. धुणे, छापणे आणि नवी गुंडाळी भरणे हे सर्व तेथे होई. गिऱ्हाइकाने नुसती कळ दाबावी, बाकीचे आम्ही पाहू, असे कंपनीचे आश्वासन होते. त्यामुळे ही कला कोट्यवधी लोकांच्या हाती गेली, हा तिचा मोठाच लाभ. पण त्याबरोबर पुस्तिकेचा धर्मही पालटला. दागेरची पुस्तिका विद्या शिकवीत होती; कॅमेऱ्याच्या खोक्यातील पुस्तिका यंत्र शिकवू लागली. कोणती कळ कोठे आहे, हे ती सांगते. ती केव्हा आणि का दाबावी, हे फारसे सांगत नाही. आजचा तरुण पुस्तिकेला कंटाळतो तो पुष्कळदा या दुसऱ्या पुस्तिकेला, आणि त्यात त्याचा सर्वस्वी दोष नाही. मात्र तिच्यावरून सर्वच पुस्तकांची परीक्षा करणे, म्हणजे पंचांग रुक्ष वाटले म्हणून ज्योतिर्गणित टाकून देण्यासारखे आहे.

ग्रंथ, प्रयोग आणि मनुष्य या तिन्हींचा मेळ ज्यांच्या ठायी दिसतो असा पुरुष आपल्याच मातीत होऊन गेला. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. गोध्र्यास त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसायही केला. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून त्यांच्या मनाने घेतले की, आपल्या देवादिकांची चित्रे अशी पडद्यावर हालती-बोलती व्हावीत. येथे शिकविणारा कोणी नव्हता. त्यांनी सेसिल हेपवर्थ या इंग्रज चित्रपटकाराचे चलच्चित्रणाची मुळाक्षरे शिकविणारे पुस्तक मिळविले आणि त्याच्या आधारे अभ्यास सुरू केला. परंतु पुस्तकावर त्यांचे समाधान झाले नाही. विमा गहाण ठेवून, १९१२ च्या फेब्रुवारीत ते बोटीने लंडनला गेले. तेथे एका चित्रपट-नियतकालिकाच्या संपादकाने त्यांची गाठ हेपवर्थशीच घालून दिली, आणि ज्याचे पुस्तक वाचले त्याच्याच कारखान्यातील एकेक खाते फाळक्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. पुस्तक आधी वाचलेले होते, म्हणून थोड्या दिवसांत पाहिलेले त्यांच्या पदरी पडले. नुसता पाहुणा गेला असता तर थक्क होऊन परत आला असता.

परत आल्यावर त्यांनी प्रथम वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. हे साधून दाखविले तेव्हाच भांडवल उभे राहिले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला. या साऱ्या उद्योगात सरस्वतीबाई फाळक्यांचा वाटा विसरता येत नाही. अंधारात कोऱ्या फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामे त्या करीत. ही विद्या त्यांच्याकडे हातातून हातात आली होती. पतीजवळ बसून, चुकत आणि सुधारत आली होती.

याच फाळक्यांनी १९१७ साली चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारा एक छोटा चित्रपट काढला. पडद्यावर प्रत्यक्ष कृती करून दाखवून शिकविण्याची कल्पना आपल्याकडे तेव्हापासूनची आहे! आणि त्याच सुमारास ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटाविषयी त्यांनी लेखमालाही लिहिली. पडद्यावर दाखविले तेवढ्याने काम भागले असे त्यांनी मानले नाही, आणि लिहिले म्हणून दाखविण्याची गरज सरली असेही मानले नाही.

परदेशातही थोरांची रीत याहून निराळी दिसत नाही. अमेरिकेतील अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी कॅमेरा, निगेटिव्ह आणि छापील प्रत यांवर लिहिलेले तीन ग्रंथ आजही प्रमाण मानले जातात. इतके बारकाईने लिहूनही १९५५ पासून अनेक वर्षे ते योसेमिटीच्या दरीत विद्यार्थ्यांना गोळा करून शिकवीत राहिले.

आता आजच्या प्रश्नाकडे वळू. चित्रफितीने केलेले काम लहान नाही. गूरोच्या प्रयोगाला बोस्टनमधील एक दालन भरेल एवढेच लोक येत; आज गडहिंग्लजचा किंवा गोंदियाचा मुलगा तोच लाभ घरबसल्या घेतो, थांबवून घेतो, दहादा पाहतो. शिवाय कॅमेऱ्याच्या पुस्तिका बहुधा इंग्रजीत. चित्रफितीत मात्र त्याला मराठीत बोलणारा भेटतो. ज्या विद्येचे दार भाषेमुळे बंद होते ते उघडले, याचे स्वागत कोणीही करावे.

तथापि ज्याला आपण पाहतो तो आपल्याला पाहत नाही. चित्रफितीतील शिक्षक उत्तम दाखवितो. पण तुमच्या चित्रात चेहरा काळा का पडला हे त्याला ठाऊक नसते. तो सांगतो, ‘भिंगाचे तोंड इतके ठेवा, शटर इतके ठेवा.’ त्याच्या अंगणातील उजेड आणि तुमच्या माजघरातील उजेड एक नसतो. विलायती पुस्तकातील वेळ जशी मुंबईच्या उन्हात अपुरी पडली, तसेच हे आहे. अशा वेळी ज्याने कारण वाचले आहे तो आकडा बदलतो. ज्याने नुसते अनुकरण केले आहे तो दुसरी चित्रफीत शोधतो.

यावर उपाय अवघड नाही. आजचा कॅमेरा चित्राबरोबरच शटर, भिंगाचे तोंड आणि वेळ यांची नोंद आपणच करून ठेवतो. पूर्वी हे वहीत टिपावे लागे. ती नोंद वाचावी, ग्रंथातील कारणाशी ताडून पाहावी. आणि गावोगावच्या वाचनालयांनी महिन्यातून एकदा चार हौशी माणसे बोलवावीत, चित्रे भिंतीवर लावावीत आणि एकमेकांच्या चित्रांतील गुणदोष मोकळेपणाने सांगावेत. सोसायटीला १८५४ साली जे जमले ते आज जमू नये, असे काही नाही.

आणखी एक काम लेखकांचे आहे. चित्रफीत मराठीत आली. तिच्यामागचे कारण सांगणारे ग्रंथही मराठीत पुष्कळ हवेत. फ्रेंच सरकारने पैसे मोजून जी विद्या सर्वांसाठी खुली केली, ती आपल्या भाषेत अर्धीच पोहोचली आणि अर्धी परभाषेत अडकून राहिली, तर आपल्या मुलांचे हात तयार होतील, पण त्या हातांना स्वतःच्या बळावर नवे काही करता येणार नाही. दागेरच्या पुस्तिकेला तिच्या पहिल्या दीड वर्षात इतक्या भाषा लाभल्या. त्या पंक्तीत आपल्या भाषेचे पान मांडावयाचे काम आपले आहे.