उजेडाची किंमत

वडनेर भोलजी हे नांदुरा तालुक्यातील हमरस्त्यावरचे गाव. इथे बटन दाबले की दिवा लागतो. त्या उजेडासाठी कोणी काय गमावले, हे मात्र विजेच्या बिलावर छापलेले नसते.

महाराष्ट्रात सुरुवात पाण्यापासून झाली. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे वीजघर सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. पुढे मुळशीच्या धरणात मावळातील शेतकऱ्यांची भातखाचरे जाणार म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह झाला. तो १९२४ पर्यंत चालला, धरण झालेच. कोयनेने राज्य उजळले, पण ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे जमीन हादरली. रमजानचा महिना होता, सहरीची वेळ. पावणेदोनशेच्या वर माणसे दगावली. या भूकंपाचा संबंध शास्त्रज्ञांनी जलाशयाच्या पाण्याशी जोडला.

विदर्भाच्या वाट्याला कोळसा आला. शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पारस, नागपूरजवळचे कोराडी, मग चंद्रपूर. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. म्हणजे तीन टन कोळसा जाळला की टनभर राख उरते. ती कोणाच्या तरी शेतात, नदीत आणि छातीत उतरते.

१९६९ मध्ये तारापूरला अणुवीज आली. तिथे धूर नाही, पण किरणोत्सारी कचरा हजारो वर्षे सांभाळावा लागतो. मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमाचा अपघात घडला. पुढच्याच महिन्यात जैतापूर प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात, मुस्लिम मच्छीमारांच्या नाटे गावी, पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण ठार झाला.

हवामानबदलावरील आंतरराष्ट्रीय समितीने २०१४ मध्ये हिशेब मांडला. उभारणीपासून धरले तर एका युनिटमागे कोळशाचे सुमारे ८२० ग्रॅम कार्बन, सौर विजेचे ४८, पाण्याचे २४, अणुविजेचे १२ आणि वाऱ्याचे ११. कोळसा सर्वांत महाग, यात वाद नाही. पण बुडालेले गाव आणि उठलेली वस्ती या ग्रॅममध्ये मोजली जात नाही. आमच्याच तालुक्यात जिगाव प्रकल्पासाठी गावे उठत आहेत. तो सिंचनाचा असला, तरी घर सोडणाऱ्याचे दुःख तेच.

सूरह रहमानमध्ये मीझानचा, म्हणजे तराजूचा उल्लेख आहे. त्या तराजूच्या एका पारड्यात धूर ठेवला, तर दुसऱ्यात माणूसही ठेवावा लागेल. सौर पत्रेही जुने झाले की कचरा होतात आणि माळावर उभारले तर गुरांचे कुरण जाते. पण मशीद, मदरसा, शाळा यांच्या छपरावर ऊन रोज फुकट पडते. तिथे वीज तयार करण्यासाठी कोणालाही आपले गाव सोडावे लागत नाही. आम्हाला वाटते, सुरुवात तिथून व्हावी.